उपासाला दूध चालतं

तीन दिवस? न्हाय, पाळकसाहेब. तीन दिवस निर्जळी उपास आमच्या ह्यांना न्हाय जमायचा. एक दिवस करू द्या, अर्धा करू द्या — आन् दूध तेवढं घेऊ द्या. सकाळी एक कप, राती एक कप. बास, माझं दुसरं काय म्हणणं न्हाय. देवानं बरं केलं अशी साक्ष द्यायच्या आधी उपास-प्रार्थना करावी लागती, कळतंय मला, एवढी वर्सं मंडळीत येतोय आमी, मला काय हे नवीन हाय का? पण दुधानं काय बिघडतंय? तुमी सोता घरनं चहा पिऊनच आलाव न्हवं? मग! — बसा, बसा, उठू नका, चहा टाकलाय. हे कटिंगला गेलेत. रविवारी मंडळीपुढं उभं ऱ्हायचंय म्हणून बेंबळीच्या चौकात दाढी-कटिंग, काल पांढरा शर्ट इस्त्रीला. सकाळपासून एका हातानं गुंड्या लावून बघायलेत. लेकरावानी खुश हायत. मला बघवंना.

राग? व्हय, आलाय राग. मला म्हणायलाव, दीपमाला, देवावर भरवसा ठेव! आन् आजपस्तोर कुणावर ठेवला होता? ह्यांचा हात कापला तवा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी एकटी बसले होते. भावकीतलं कुणी डबा घेऊन आलं न्हाय. सासूबाई आली ती तोंड वाजवायला — कुठं हाय तुमचा येशू आता? म्या म्हणलं, हाय, हितंच हाय, मला दिसंना, पण हाय. खोटं न्हवतं ते. न्हाणीत नळ सोडून भांडले म्या त्याच्याशी. म्हणलं, प्रभू, माणूस तुझी गाणी म्हणत ट्रॅक्टर हाकत होता आन् तू त्याला चारीत पडू देतूस? लई वंगाळ बोलले. पण सोडलं न्हाय त्याला, कुठं जाणार दुसरीकडं?

आन् आता वाटतं, त्याला कशाला बोल लावायचा? त्यानं कुठं पाडलं? पाडलं तुमच्या त्या उमरग्याच्या सभेनं. ह्यांना फिट येती हे काय गुपित न्हाय. रोजची गोळी घेतली की माणूस ठणठणीत, लग्न झाल्यापासून बघते. आन् तुमच्या त्या पाहुण्या प्रचारकानं डोक्यावर हात ठेवला, म्हणला, जा, बरा झालास, आता गोळी घेतलीस तर तो अविश्वास. तुमी शेजारी उभे होताव. आमेन म्हणलाव. म्हणलाव की, पाळकसाहेब, म्या ऐकलं ह्या कानानं! ह्यांनी गोळ्यांचं पाकीट स्टेजवर ठिवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् ऊस घेऊन ढोकीच्या कारखान्याला जाताना भर रस्त्यात फिट आली, ट्रॅक्टर चारीत, हात खाली सापडला. मग तुमी दवाखान्यात आलाव आन् काय म्हणलाव? विश्वास कुठंतरी कमी पडला असंल. हात गेलेल्या माणसाला! तांब्या फेकून मारावा वाटला मला तुमाला, खरं सांगते. तुमचा मान ठिवला. आन् ह्यांना ते पटलं की! म्हणले, माझाच विश्वास कमी पडला, आता मेलो तरी गोळीला शिवणार न्हाय.

आन् आता म्हणायलाव, चमत्कार झाला. घरी आल्यापासून एकदा बी फिट न्हाय, ते बी बिनगोळीचं. सोलापूरचे पाहुणे येणार, मोबाईलवर शूटिंग घेणार. सोमवारपासून हे परत ट्रॅक्टरवर बसतो म्हणायलेत. अस्मिताला शेजारी बसवून शाळेत सोडतो म्हणायलेत. माझी एकुलती एक पोरगी हाय ती, पाळकसाहेब! म्हणून हात जोडते, दूध तेवढं बंद करू नका.

काय? दुधाचंच कामून धरून बसले? काय न्हाय. अशक्तपणा हाय, दुसरं काय. हळद घालते, गूळ घालते, कडू लागू नये म्हणून — कडू? कडू कशानं लागंल? न्हाय, मी आपलं... असं बघू नका माझ्याकडं.

बरं. बघायचंच हाय ना? हा बघा खलबत्ता. बोट लावून चाखा. गोळी हाय ती. रोज कुटते मी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईला इचारलं, ही कुटून दिली तर चालंल का, चालंल म्हणल्या. हे तिकडं ओट्यावर पवित्र शास्त्र वाचत बसतेत आन् मी हितं दार लोटून कुटते. कुटताना प्रार्थना करते — प्रभू, माझ्या हातात एवढंच हाय, बाकीचं तू बघ. हा भरवसा न्हाय? मग काय हाय? सांगा की! आमेन म्हणलं की भरवसा आन् गोळी कुटली की अविश्वास व्हय? नवऱ्याला फसवते, व्हय, फसवते, आन् त्याच तोंडानं त्यांच्या मांडीला मांडी लावून गाणी म्हणते. भ्या वाटतं मला, लई भ्या वाटतं. पण फिट आली न्हाय. तो चमत्कार कुणाचा ते देवाला ठावं हाय, तुमी नका त्याचं शूटिंग घेऊ.

माफी-बिफी नको मला तुमची. एक काम करा. हे माझं ऐकत न्हायत, डॉक्टरीणबाईचं ऐकत न्हायत, तुमचं ऐकत्यात. तुमच्या आमेनवर गोळी सोडली, तुमच्या शब्दावर घेतील बी. एवढंच म्हणा — योगीराज, गोळी घे, देवाला राग येत न्हाय. मंडळीपुढं नका म्हणू. हितं घरात म्हणा, तुमची इज्जत ऱ्हाईल. आत्ता येतीलच ते कटिंग करून, तवा —

काय झालं? दाराकडं काय बघायलाव?

अगं बया... कवा आलाव ओ? चपला बी वाजल्या न्हाईत. कवापासून उभे हाव तिथं? — हे? हे काय न्हाय, जिरं कुटत होते. ... न्हाय. जिरं न्हाय. गोळी हाय, तुमचीच. रोज देत होते, दुधातनं. वरडा माझ्यावर, जे बोलायचं ते बोला, पण आधी पाळकसाहेबांचं ऐका — बोला की पाळकसाहेब! तुमच्याकडं बघायलेत ते, माझ्याकडं न्हाय. एकच वाक्य, पाळकसाहेब. तुमाला लेकरंबाळं हायत.

बोला की.

न्हाय बोलायचं? मग उठा. चहा ऱ्हाऊ द्या, जावा तुमी. — तुमी न्हाय ओ, अस्मिताचे बाबा. तुमी बसा. ही गोळी घ्या, अख्खी हाय. पाणी आणते.