कोहळ्यातली भागी

मानोऱ्याच्या बसस्टँडवर वर्षाराणीच्या बाजूला बाजार करून आलेल्या दोन बाया टेकल्या. दोघींच्या मधात एक भलंमोठं लाल कोहळं, तिसऱ्या बाईसारखं जागा अडवून.

"फोड महाग पडली असती, लिलाबाई. दोघीत अख्खं घेतलं म्हणून परवडलं."

"परवडलं खरं, तुळसाबाई, पण आता कापाचं कशानं?"

"भाजीवालीपाशी विळा होता."

"मंग तवाच काहून नाही बोलल्या?"

"तुमाले बोलाले काय झालं होतं? पोरी, चाकू हाय का वं तुह्यापाशी?"

"नाही मावशी," वर्षाराणी म्हणाली.

"आपटून पाहू का?" लिलाबाई म्हणाली.

"अन् बिया मातीत सांडल्या तं? माह्या घरी भाजून खातेत बिया."

"मले बी पायजेत. आंगनात वेल लावाचा हाय."

"अवं, लागली माही इंझोरीची गाडी!" तुळसाबाई उठली.

"मंग तुमीच न्या कोहळं. पुढच्या बाजारी माहं अर्धं घेऊन येजा."

"आज तं ओळख झाली आपली. इतका भरोसा?"

"भरोसा कायले? तुमची वांग्याची थैली ठेवा माह्यापाशी."

"आठ दिवसात सडतीन ना ते!"

"सडू कायले देईन? आजच भाजी करतो."

तुळसाबाई हसत हसत कोहळं कडेवर घेऊन गाडीत चढली. गाडी हलली. लिलाबाईनं वांग्याची थैली मांडीवर घेतली, अन् एकदम काहीतरी आठवून ती थैलीसकट गाडीमागं धावत सुटली.

"तुळसाबाई! बिया मोजून ठेवजा वं!"