फुकटातला बास

पंक्चर निघायची वाट बघत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक बहीण-भाऊ. भावाचं गाडीपुराण सुरू होतं.

“ताई, गाडीला नवीन म्युझिक सिस्टीम परवडत नाही म्हणून रडत बसलो नाही मी. डोकं चालवलं. आधी दारांच्या आत कापड कोंबलं. पत्र्याची खडखड एकदम बंद!”

“कसलं कापड?”

“आईची रजई. जुनीच होती.”

“अरे, रोज पांघरायची ती!”

“मग जाड वायर टाकली. घरच्या बेलची.”

“तरीच! काल मी दार बडवून बडवून दमले.”

“आणि मागचा स्पीकर कुठला, ओळख बघू. बाबांच्या रेडिओतला! काय बास आहे, ताई!”

“धन्य आहेस. आणि बाबांनी बातम्या कशावर ऐकायच्या?”

“गाडीत बसू देतो की त्यांना. माझी गाणी चालू नसली तर.”

“काही बोलले नाहीत ते?”

“परवा काचेवर टकटक करून बोलत होते काहीतरी.”

“काय?”

“आत काय ऐकू येणार? आवाजच असला एक नंबर झालाय!”