डाव्या हाताचा चाकू

हत्यारांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सुताराने सात पात्यांचा घडीचा चाकू केव्हाच पसंत केला होता. पुढच्या बाई मात्र हटत नव्हत्या.

“ताई, हा गुलाबी न्या. भाजीला झकास.”

“भाजी नवरा चिरतो. मी शिडीवर चढून झाडं छाटते.”

“मग सात पात्यांचा घ्या. बाटलीसुद्धा उघडतो.”

“शिडीवर बाटली उघडली तर मला खाली झेलायला तुम्ही येणार? आणि याला दोन हात लागतात. माझा एक हात फांदीला असतो.”

“हा बघा, एका हाताने उघडतो. स्वस्तही आहे.”

बाईंनी उघड्या पात्याची पाठ टेबलावर दाबली. पातं खाडकन मिटलं.

“पातं धरून ठेवणारा खटका कुठाय? मागच्या चाकूलाही नव्हता. तुम्हीच दिलात, झकास म्हणून.”

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनी अर्धीच होती.

दुकानदाराने खालच्या खणातून एक साधा काळा चाकू काढला. बाईंनी तो डाव्या अंगठ्याने उघडला, पाठ दाबली. पातं तसूभर हललं नाही.

“हा द्या. खिशाला अडकवायची क्लिप डावीकडे लावा. आता या हाताला शिकवलंय.”

बाई गेल्या.

“बोला, तुमचं काय?”

सुताराने सात पात्यांचा चाकू परत ठेवला.

“मलाही तोच. क्लिप मात्र उजवीकडेच राहू द्या.”