शेखरची झोप

नाशिकच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या चतुराबाईंनी शेजारच्या सासू-सुनेच्या बोलण्याकडे कान लावला.

"आई, ह्यांना झोपेचा आजार झालाय. आफ्रिकेत मशिनी बसवायला गेले, तिथे माशी चावली."

"अगं, शेखर पाळण्यापासून झोपाळू. माशीला कशाला बोल लावतेस?"

"रक्तात जंतू सापडलेत! आता मणक्यातलं पाणी तपासतायत. त्यात जंतू दिसले किंवा पांढऱ्या पेशी वाढल्या असल्या, तर आजार मेंदूत शिरला म्हणायचं."

"आणि नसल्या तर?"

"तर पहिलाच टप्पा. औषधाने बरे होतील."

चतुराबाई स्वतःचा नंबर विसरल्या. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"पाणी स्वच्छ आहे. शेखरच्या मेंदूपर्यंत काहीही पोचलेलं नाही."

सासूबाईंनी हात जोडले. "डॉक्टरसाहेब, दहावीला मास्तरही हेच म्हणाले होते. तेव्हा मात्र मी रडले होते हो!"