तिकिटं कुणी काढली? मी!

...आणि वर मलाच म्हणतात, "काढण्याआधी वाचता येत नाही का रे?" अहो, वाचलं ना! पिक्चरचं नाव 'ठरलं का?' आता तुम्हीच सांगा, 'ठरलं का?' म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात काय येतं? लग्न! पिवळंधमक पोस्टर, त्यावर अख्खं कुटुंब एकाच सोफ्यावर कोंबलेलं... म्हटलं, दोन तास हसू, ताईचं डोकं जरा शांत होईल. तिकिटं कुणी काढली? मी!

कारण ताईच्या घरातली हवा कशी झालेली, तुम्हाला सांगतो... ताईला तिसरा महिना. पहिलंच. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या हृदयाला हे झेपेल असं मला वाटत नाही. पुढे जायचं की थांबायचं, सोमवारपर्यंत ठरवा." झालं! तेव्हापासून ताईच्या सासूबाई खिडकी पुसता पुसता, "ठरलं का गं?" आई फोनवर, "ठरलं का?" भावजी बिचारे विचारतसुद्धा नाहीत, नुसते दारात उभे राहतात, प्रश्नचिन्हासारखे वाकून! आणि ताई? कपड्यांच्या घड्या घालते. घातलेल्या मोडते, परत घालते.

तर शनिवारी दुपारी आम्ही पाचही जण ओळीनं बसलो. दिवे गेले. पहिलाच सीन... दवाखाना! टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे पोटुशी हिरोईन, आणि तो म्हणतो, "बाळाला वाचवायला गेलो तर तुम्ही हाती लागणार नाही." माझा पॉपकॉर्न ना खाली जातो ना वर येतो! आईनं अंधारात असा चिमटा काढला, हा बघा, अजून काळानिळा आहे. "लग्नाचा म्हणालास ना?" अहो, मला काय स्वप्न पडलं होतं? सासूबाई म्हणतात, "उठा, मला गरगरतंय." भावजी म्हणतात, "मी जरा गाडी बघून येतो." मागचा माणूस म्हणतो, "ओ, बसा ना खाली!" आणि तेवढ्यात पडद्यावरची सासू आत येते नि विचारते, "ठरलं का?"

आमची रांग अशी गारठली ना...

ताई म्हणाली, "बसा. मला बघायचंय." आवाज नाही चढवला हं. पण बसलो सगळे.

मग काय! पडद्यावर नवरा विचारतो, शेजारीण विचारते, ठरलं का, ठरलं का, आणि दर वेळी आमच्यातलं एकेक डोकं खाली! ताई तेवढी ताठ. आणि शेवट? हिरोईन डॉक्टरांसमोर बसते, तोंड उघडते... आणि पडदा काळा! नावं सुरू! मागचा माणूस ओरडला, "अरे, पण ठरलं का?"

ताई फसकन हसली. एवढी हसली, एवढी हसली, की सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, ती रडतेय.

बाहेर आल्यावर भावजी गाडी काढायला गेले, आई नि सासूबाई पाणी आणायला. ताईनं मला त्या पिवळ्या पोस्टरपाशी धरलं. "तू एकट्यानंच विचारलं नाहीस रे." अहो, कसं विचारणार? माझी फाटली होती! म्हणाली, "तिचं तोंड उघडलं नि पडदा पडला. माझ्या तोंडून निघतंय का बघते हं..." आणि म्हणाली, "मला जगायचंय रे."

पोस्टरचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला.

"बाळही हवं होतं. खूप. पण मला जगायचंय. ह्यांना, सगळ्यांना उद्या मीच सांगेन. तोवर तू तोंड उघडायचं नाही."

उघडलं नाही हो! आणि संध्याकाळपासून ताईच्या घरी आईनं मला बाथरूमच्या दारात गाठलं, सासूबाईंनी जिन्यात, भावजींनी तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा करून पाजला, बिनसाखरेचा. "तुझ्याशी बोलली ना काहीतरी? ठरलं का रे?"

मी म्हणतो, "मला काय विचारता? मी फक्त तिकिटं काढतो!"