आईंचं नाक

सासू : अगं, झालं की बघून. पीळ आता लिंबू.

सून : बघून नाही आई, वास घेऊन सांगा. हा मासा शिजवायचाच नाहीये. लिंबाने मासा पांढरा दिसतो एवढंच, शिळा असला तर शिळाच राहतो. बाबा बोटीवर नोकरीला असताना असाच कच्चा खायचे, म्हणून तर त्यांच्यासाठी हा घाट घातलाय.

सासू : मग तूच घे ना वास.

सून : कांदा चिरून माझं नाक वाहतंय. आणि तुमच्यापुढे माझं काय चालणार? मासेवाली म्हणते, या बाई टोपलीवर वाकल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

सासू : काहीतरीच तिचं. आण इकडे. … हं. ताजा आहे.

सून : बघा, आता मी निर्धास्त. पिळते हं.

सासू : थांब.

सून : काय झालं?

सासू : नको पिळूस. दुसरं काहीतरी करू त्यांना जेवायला.

सून : म्हणजे खराब आहे?

सासू : ते मला ठाऊक नाही.

सून : आत्ताच ताजा म्हणालात.

सासू : म्हणाले खरं. मला वास येत नाही गं. त्या तापातून उठले तेव्हापासून.

सून : कशाचाच नाही?

सासू : फोडणी कानाने करते. दुधावरची नजर काढत नाही.

सून : मग परवाचा गॅस…

सासू : माझ्याच हातून उघडा राहिला. शेजारीच भाजी निवडत बसले होते मी. तू धावत येऊन बंद केलास, आणि मी सगळ्यांदेखत तुलाच वेंधळी म्हणाले.

सून : मला वाटलं, असेल माझंच चुकलं. यांनाही तसंच सांगितलं.

सासू : ऐकलं मी दाराआडून. तेव्हा बोलायला हवं होतं. जीभच उचलली नाही. या घरात दुसरं काय विचारतात मला? आई, वास घेऊन सांगा, एवढंच. देवाने तेही काढून घेतलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?

सून : पण आई, बाळाला न्हाऊ घातलं की तुम्ही त्याच्या टाळूला नाक लावून बसता. रोज. डोळे मिटून.

सासू : हो.

सून : मग ते?

सासू : आठवत बसते.