टपावरची जागा

मोखाड्याहून जव्हारला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. जिव्याबाबा मागच्या बाकावर वाट बघत बसले होते. पुढच्या बाकावर जव्हारला दहावीचा क्लास काढलेली निशा आणि तिचा भाऊ गोकुळ बोलत होते.

“आज कोणी आलं नाही तर क्लासला कुलूप लाव, ताई. ऑर्कुटवर टाकलेली तुझी जाहिरात इथं कोण बघतो?”

“इथं नाही रे. ठाण्याला कामाला गेलेली पोरं बघतात, सायबर कॅफेत.”

“ती येणार शिकायला?”

“त्यांच्या बहिणी येतील.”

“बघ वाट.”

तेवढ्यात दोन मुली जीपच्या मागच्या दाराशी आल्या. “ओ बाबा, ही जीप जव्हारची ना? निशाबाईंच्या क्लासला जायचंय. दादानं ठाण्याहून फोन केलाय.”

“माझ्यापण दादानं,” दुसरी म्हणाली.

“चढा पोरींनो, मी सरकतो.”

“गोकुळभाऊ, जीप भरली. तुम्ही टपावर बसा,” ड्रायव्हर म्हणाला.

गोकुळ वर चढला.

“ताई, उद्याला दुसरी जीप सांगून ठेवू का?”